झोलाचं ‘ओ बोनर दे दाम’ आणि एका रेशमाची किंमत

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाच्या रुगों-माकार मालिकेत एकूण २० कादंबऱ्या आहेत, १८७१ ते १८९३ एवढ्या वर्षांत लिहिलेल्या, आणि त्यातली ११वी म्हणजे १८८३ची ‘ओ बोनर दे दाम’ (साधारण अर्थ ‘बायकांचं सुख’, आणि तेच त्यातल्या दुकानाचंही नाव). सगळे याच मालिकेतल्या ‘जर्मिनल’बद्दल बोलतात, ते ग्रेट आहेच, पण माझ्या मनात घर करून बसलीय ती हीच.

देनीज बोदू ही विशीतली मुलगी, आईबाप गेलेले, दोन लहान भावांना घेऊन वालोन्य या लहान गावाहून पॅरिसला काकाकडे येते. काकाचं कापडाचं जुनं अंधारं दुकान, आणि बरोब्बर समोर ऑक्ताव्ह मूरेचं झगमगतं डिपार्टमेंट स्टोर. झोलाने ते उभं करताना पॅरिसमधल्या खऱ्या ‘बॉन मार्शे’ या मोठ्या दुकानाचा बारकाईने अभ्यास केला होता. फिक्स किंमत, आवडलं नाही तर परत करा, मोठमोठे सेल, सेल्समनला प्रत्येक विक्रीवर कमिशन, आणि धंदा मंदावला की उन्हाळ्यात धडाधड नोकरांना काढून टाकणं, सगळं यात आहे.

आणि ते रेशीम! ‘पारी-बोनर’ नावाचं काळं रेशीम मूरे ५ फ्रँक ६० सांतीमला विकतो, चक्क तोट्यात, कारण त्याला पक्कं माहितीय की रेशमासाठी आत आलेली बाई आणखी दहा वस्तू घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही. रोबिनो नावाचा छोटा दुकानदार त्याच्याशी टक्कर द्यायला जातो, हा काही सांतीम कमी करतो की तो आणखी कमी करतो, आणि शेवटी रोबिनो ऑम्निबसखाली (घोड्यांनी ओढायची बस) उडी मारतो (वाचतो, पण दुकान जातंच). तो भाग मी श्वास रोखून वाचला.

गिऱ्हाइकांनाही झोला सोडत नाही. मादाम मार्तीचा नवरा शिक्षक, शिकवण्या घेऊन घेऊन दमतो आणि ही लेस घेत सुटते. मादाम द बोव्ह तर काउंटेस, आणि लेस चोरताना पकडली जाते.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते देनीज. काकाची मुलगी जनव्हिएव्ह झुरून झुरून मरते, कारण तिचा ठरलेला नवरा समोरच्या दुकानातल्या मुलीमागे वेडा झालेला. तिच्या अंत्ययात्रेला आजूबाजूचे सगळे बुडालेले दुकानदार येतात. देनीज त्यांच्यासाठी मनापासून रडते, आणि तरी त्यांच्याच घरात बसून सांगते की मोठी दुकानं येणारच, हीच पुढची वाट आहे. आणि हे खोटेपणाने नाही, दोन्ही तिला खरंच वाटतं. झोला इथे वाचकाला सोपी बाजू घेऊच देत नाही. दिव्यांची, कापडाच्या ढिगांची वर्णनं तो इतक्या प्रेमाने करतो की आपणही त्या गर्दीत ओढले जातो, आणि मग छत्र्यांच्या मुठी कोरणारा म्हातारा बुरा आठवतो, जो मोठ्या रकमेची ऑफर लाथाडून आपलं मोडकं दुकान धरून बसतो.

आधी १८८२ची ‘पो-बुई’ वाचली तर जास्त मजा, त्यात हाच मूरे तरुण, बायकांच्या मागे फिरणारा. या दुकानाची मालकीण मादाम एदुअँ, तिच्याशी तो लग्न करतो, आणि पुढे ती बांधकामाच्या खड्ड्यात पडून मरते. तिचं रक्त दुकानाच्या पायाच्या दगडांत आहे, असं या कादंबरीत लोक कुजबुजतात. ते वाचलेलं असलं की मूरेने दुकान वाढवायला काढलं की दरवेळी ती बाई आठवत राहते.