ॲक्सेप्टने दिलेले सॉकेट आणि वाया गेलेले तीन दिवस

तासगाव आणि मिरज परिसरातील बेदाण्याच्या शीतगृहांचे तापमान सांगलीतील आमच्या सर्व्हरवर नोंदवणारा पायथन प्रोग्राम मी गेल्या उन्हाळ्यात लिहिला. प्रत्येक शीतगृहातील यंत्र दर मिनिटाला कनेक्शन जोडते, एक ओळ पाठवते आणि कनेक्शन तोडते. हे काम एका दुपारीच झाले.

अडले ते तासगावात वीज गेली तेव्हा. एका यंत्राने कनेक्शन जोडले आणि ओळ पाठवण्याआधीच ते बंद पडले. कनेक्शन संपल्याचा निरोप देण्याइतकीही सवड त्याला मिळाली नाही, त्यामुळे आमचे ‘रिसीव्ह’ (आलेला डेटा वाचणारी आज्ञा) कधीच न येणाऱ्या बाइट्सची वाट पाहत राहिले, आणि प्रोग्राम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करत, चालत असल्याने सर्वच शीतगृहांच्या नोंदी थांबल्या. इतर यंत्रांची कनेक्शने मात्र जुळत होती, कारण हँडशेक, म्हणजे कनेक्शन जुळवणारी सुरुवातीची देवाणघेवाण, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर पूर्ण करतो आणि कनेक्शन रांगेत ठेवतो. या दिसण्याला भुलून मी पहिला दिवस यंत्रे तपासण्यात घालवला.

सॉकेट म्हणजे प्रोग्रामच्या हाती असलेले कनेक्शनचे टोक; नव्या कनेक्शनची वाट पाहणाऱ्या, म्हणजे ऐकणाऱ्या सॉकेटवर मी दहा सेकंदांचा टाइमआउट (प्रतीक्षेची मर्यादा) लावला होता, म्हणून दोष तिथे असेल असे मनातही आले नाही. दुसऱ्या दिवशी दहाचे पाच आणि पाचाचे दोन सेकंद करून पाहिले, तरी काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी ॲक्सेप्टमधून, म्हणजे रांगेतले कनेक्शन स्वीकारून त्यासाठी नवे सॉकेट देणाऱ्या आज्ञेतून, मिळालेल्या सॉकेटचे ‘गेटटाइमआउट’ (त्यावरचा टाइमआउट) छापले, तर उत्तर आले ‘नन’, म्हणजे अमर्याद प्रतीक्षा. ऐकणारे सॉकेट टाइमआउट अवस्थेत असले, तरी डीफॉल्ट टाइमआउट ठरवलेला नसेल तर ॲक्सेप्टने दिलेले सॉकेट ब्लॉकिंगच, म्हणजे डेटा येईपर्यंत थांबून राहणारे, असते. हा नियम लिहिलेला आहे, पण तो टाइमआउटविषयीच्या वेगळ्या टिपणात आहे, ॲक्सेप्टच्या वर्णनात नाही, आणि याची चीड मला अजून आहे.

तेव्हा नवे सॉकेट हाती येताच त्यावर स्वतंत्र ‘सेटटाइमआउट’ लावावा. त्यात शून्य लिहू नये. शून्याने सॉकेट नॉन-ब्लॉकिंग होते आणि डेटा आलेला नसेल तर ‘रिसीव्ह’ तत्काळ त्रुटी देते. केवळ कीपअलाइव्हवर, म्हणजे समोरचे यंत्र जिवंत आहे का हे तपासणाऱ्या सोयीवरही विसंबू नये, कारण लिनक्समध्ये पहिली चाचणी मूळ मांडणीनुसार 7200 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जाते. शिवाय ‘रिसीव्ह’चा टाइमआउट प्रत्येक हाकेपुरताच असतो, यंत्र थांबत थांबत एकेक बाइट पाठवू लागले तर दहा सेकंद कधीच भरत नाहीत, म्हणून संपूर्ण ओळीची मुदत मी मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणाऱ्या) घड्याळावर वेगळी मोजतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: ‘मेकफाइल’ने (सॉकेट फाइलसारखे वाचू देणाऱ्या सोयीने) ओळ वाचताना एकदा टाइमआउट झाला, तर त्याच वस्तूवर पुन्हा वाचता येत नाही, ते कनेक्शन सोडूनच द्यावे लागते.

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा लॉगमध्ये त्या शीतगृहापुढे ‘टाइमआउट’ उमटले आणि लगेच खालच्या ओळीत मिरजेचे तापमान आले. ती दोन ओळींची नोंद मी जपून ठेवली आहे.