ताई, उडवा ना त्यांना!

ठाणे खाडीत ऐरोलीहून सुटणाऱ्या फ्लेमिंगो बोटीवर मी गाईड आहे. एरवीच्या रविवारी आमच्याकडे हातभर लेन्सवाले येतात, गप्प बसतात, फोटो काढतात आणि जातात. २६ जानेवारीला मात्र अख्खं घर येतं. आजी-आजोबा, छातीवर टाचलेले झेंडे, तिळाचे लाडू, आणि सकाळी रांग लावून आणलेली जिलेबी, जी बोटीत न्यायची नाही असं सांगूनही कुणाच्या तरी पिशवीतून पाझरतेच.

त्यातून या मंडळींचं वेळापत्रक ठरलेलं. आठला सोसायटीत झेंडावंदन, मग फाफडा-जिलेबी, मग अकराला ‘चला, कुठेतरी जाऊ’. भरती यांतलं काहीच पाळत नाही. तिथीच्या पाऊणपट काढली की साधारण भरतीची वेळ मिळते, हे दिवा गावातल्या कोळ्यांचं पोर शाळेआधी शिकतं. त्या दिवशी वद्य द्वादशी होती, म्हणजे बाराची पाऊणपट, नऊ वाजता. आत खाडीत पाणी चढायला जरा आणखी वेळ लागतो. भरतीच्या अलीकडे-पलीकडे थोडे तासच बोट चालते, नंतर ती गाळात बसते. शिवाय पाणी पूर्ण चढलेलं असलं की चिखल बुडतो आणि बरेच पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे निघून जातात. ओहोटी लागून चिखलाची पहिली पट्टी उघडी पडते, तेव्हाची फेरी सगळ्यांत चांगली. ही फेरी मिळावी म्हणून कळव्याच्या एका आजोबांनी झेंडावंदनाला दांडी मारली होती. सुनेने ते मला दोनदा सांगितलं, एकदा तक्रारीच्या सुरात आणि एकदा कौतुकाने.

तिवरांच्या कडेने बोट बाहेर आली, नाखवांनी इंजिन बंद केलं आणि समोर गुलाबी पट्टा दिसला. माना खाली, चोची उलट्या करून चिखलपाणी गाळणं चाललेलं. मी नेहमीचं बोलायला लागले: धाकटा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, कोणता, मोठा कोणता, राखाडी दिसतात ती पिल्लं. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव आलं. एवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, “ताई, उडवा ना त्यांना! पंख उघडले की व्हिडिओ भारी येतो.” मी नाही म्हटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा नाही म्हटलं, तर “पैसे भरलेत आम्ही” हे आलंच. दर सुट्टीला हे एकदा तरी ऐकते. बहुतेक वेळा मी नियम सांगते आणि बहुतेक वेळा त्याचा उपयोग होत नाही. या वेळी नाखवा सुकाणू धरूनच बोलले, “जेवत्या पावन्याला पानावरशी उठवता का ओ तुमी?” गृहस्थांच्या बायकोनेच त्यांचा मोबाइल खाली केला.

मग आजोबांच्या नातीने विचारलं, हे गुलाबी का असतात. पाण्यातल्या शेवाळामुळे, मी म्हटलं. त्यातलं रंगद्रव्य त्यांच्या पिसांत उतरतं. मग शेवाळ इथेच का? इथे मी दर वेळी क्षणभर अडखळते, कारण लोक सुट्टीला आलेले असतात. पण सांगते. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी इथे येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ फोफावतं. नव्वदच्या दशकात हे पक्षी इथे मोठ्या संख्येने दिसायला लागले, त्याचं एक मोठं कारण अभ्यासक हेच मानतात. पक्षी आले म्हणजे खाडी स्वच्छ आहे, असं नव्हे.

“म्हणजे ते आमच्या फ्लशचं पाणी खातात?” बोटभर हशा पिकला. मुलगी हसली नाही. तिला उत्तर हवं होतं. मी म्हटलं, थेट नाही, पण हो.

आजोबा तेव्हाच बोलायला लागले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रंगाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. “आमचं पाणी कधी लाल यायचं, कधी निळं,” ते म्हणाले. “कोणता रंग चालू आहे ते नाल्यावरून कळायचं.” नाखवांनी विचारलं, कुठचा नाला? आजोबांनी हाताने दाखवला. नाखवा जरा वेळ तिकडे बघत राहिले. “तितंच आमच्या बापाची डोल लागायची,” ते म्हणाले. “जाला निला व्हऊन यायचा. म्हावरा मेलेला.”

आता काय होतंय म्हणून मी घाबरले. बोटीत भांडण झालं तर उतरून जायला जागा नसते. आजोबांनी हात पुढे केले. बोटांच्या नखांशी कातडी काळपट, जाड. “आम्ही त्यातच हात घालत होतो,” ते म्हणाले. नाखवांनी हात नीट पाहिले आणि विचारलं, “पगार किती व्हता?” आजोबांनी आकडा सांगितला. “मंग आमच्या बापानंच जास्त कमावलं,” नाखवा म्हणाले, आणि दोघं असे हसले की टाळ्यांना न उडालेले जवळचे चार-पाच पक्षी तेवढ्याने उडाले. गृहस्थांना व्हिडिओ मिळाला.

परतताना पाणी झपाट्याने उतरत होतं. दोघं म्हातारे सुकाणूपाशी माशांची नावं घेत बसले: बोय, जिताडा, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या. यातलं पूर्वी घराशी मिळायचं ते आता कुठे कुठे जाऊन धरावं लागतं, हे नाखवा सांगत होते. “पक्षी आला नि म्हावरा गेला,” असं ते म्हणाले. मी माझ्या माहितीत हे वाक्य तोवर कधी घेतलेलं नव्हतं. त्यानंतर घ्यायला लागले. लोकांना फारसं आवडत नाही.

जेट्टीला लागल्यावर सूनबाई सगळ्यांना फोटोसाठी गोळा करत होत्या. पलीकडे अकराची मंडळी येऊन थडकली होती आणि शेवटची फेरी होऊन गेली म्हणजे काय, यावर वाद घालत होती. आजोबांचा पाय निघेना. त्यांना निवट्या हव्या होत्या, कित्येक वर्षांत खाल्ल्या नव्हत्या.

“मिलतील,” नाखवा म्हणाले. “पन नातीला नको देव.”

आजींनी लगेच विचारलं, “मग तुम्ही काय खाता?”

“आमी खातो,” ते म्हणाले, आणि लाइफ जॅकेट गोळा करायला लागले.