फार शांत मुलं

शनिवार, रात्री

"मुलं फार शांत आहेत हो तुमची." एवढंच म्हणाल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या बाई. निरोप देताना, व्हिजिटरचे बिल्ले परत घेता घेता, अगदी हसून. कालपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

टोमणा असता तर परवडला असता. कौतुकच होतं, म्हणून जास्त लागलं. तासाभराचं सादरीकरण संपलं, "एनी क्वेश्चन्स?" झालं, आणि अख्ख्या हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज. आमच्या कॉलेजची ४० मुलं. एकाचाही हात वर नाही. मग त्यांनी मराठीतही विचारलं, "विचारा ना, काहीही विचारा." काहीही म्हटल्यावर तर उरलासुरला धीरही गेला. सगळे बुटांकडे बघत बसले. नवे बूट होते बहुतेकांचे, चावतही असतील.

एवढ्यासाठी केला का हा खटाटोप?

कंपनीत मुलं न्यायची म्हणजे काय, हे ज्यानं नेली त्यालाच ठाऊक. आधी प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र. त्याला होकार आला की यादी. यादीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. आडनाव पुढं की मागं, इथपर्यंत गेटवरचा माणूस समजून घेतो. पण आधारच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त निघालं की पोरगी बाहेर उभी. म्हणून यादी हजेरीपटावरून करायचीच नाही, आधारची झेरॉक्स समोर ठेवून करायची. नागपूरच्या मिहानमध्ये सेझचं, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचं, गेट वेगळं, कंपनीचं वेगळं. दोन्हीकडे तीच यादी, तीच मोजणी. ऐनवेळी कुणी आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा जात नाही, ती जागा रिकामीच. लॅपटॉप आणूच नका म्हणून बजावून सांगावं लागतं, कारण प्रत्येकाचा सिरियल नंबर जाताना लिहायचा आणि येताना ताडून बघायचा, यात दहाची वेळ अकरावर जाते. पेनड्राइव्ह गेटवर. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. फोटो काय तो बाहेर, आपला ६ बाय ३ चा फ्लेक्स धरून.

एसटीचं वेगळंच. शैक्षणिक सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, पण त्यासाठी डेपोत पत्र, यादी आणि अनामत आधी भरलेली हवी. किलोमीटर डेपोतून निघून डेपोत परत येईपर्यंतचे. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत मिहान दीडशे किलोमीटरच्या आसपास. दहाची वेळ गाठायची तर पाचला गाडी हललीच पाहिजे. त्यात गाडी लागणारी पोरं पुढच्या बाकांवर, प्रत्येकाच्या हातात पिशवी, आणि निघण्याआधी पोटभर चहा-बिस्कीट अजिबात नाही. कोरडी दशमी खाल्लेली टिकतात, चहा प्यालेली सेलूच्या आत आडवी होतात. मुलींसाठी थांबा पेट्रोलपंपावर नको, धाब्यावरही नको. वर्ध्याचं बसस्थानकच बरं.

आणि हे सगळं करून पदरात काय, तर शांतता.

इंग्रजीमुळे, असं सोबत आलेल्या आमच्या मॅडम म्हणतात. असेल. पण मराठीत विचारलं तेव्हाही तोंडं बंदच होती. झोप हे आणखी एक कारण. चारला उठलेली पोरं, थंडगार हॉल, गुबगुबीत खुर्च्या. कळंबचा तो उंच तर दुसऱ्या स्लाइडलाच गेला. हेही खरं. तरी मन मानत नाही. झोपलेले दोन-चार असतील, बाकीचे टक्क जागे होते.

रात्री पडल्या पडल्या स्लाइड आठवून बघितल्या. किती देशांत ऑफिसं, किती कर्मचारी, कोणकोणते ग्राहक, मग इमारतीला मिळालेलं पर्यावरणाचं मानांकन, मग फ्रेशरची निवड कशी होते. यात विचारायचं काय? जिनिंगमध्ये मुलं नेली तर एका टोकाला कापूस पडतो, मध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, दुसऱ्या टोकाला १७० किलोची गाठ बांधून निघते. दिसतं, ऐकू येतं, नाकातोंडात जातं. तिथं ही पोरं गप्प बसत नाहीत; माणसाचा हात सापडला तर मशीन थांबते का, इथपासून सुरुवात करतात. सॉफ्टवेअरच्या कंपनीत काचेपलीकडे माणसं पडद्यापुढं बसलेली दिसतात. काम दिसतच नाही. ज्या दालनात ग्राहकाचं काम चालतं तिथं कार्डाशिवाय शिरता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग उरतं कॅन्टीन. कॅन्टीन सगळ्यांना आवडलं.

म्हणजे मागायचं ते वेगळं मागायला हवं. 'कंपनी दाखवा' असं नाही. 'एक चूक दाखवा', असं. जुनी, मिटलेली, ग्राहकाचं नाव काढून टाकलेली. तक्रार कशी आली, कुणी स्वतःच्या मशीनवर ती पुन्हा घडवून बघितली, लॉगमध्ये, म्हणजे यंत्रानं ठेवलेल्या नोंदीत, काय सापडलं, कोडची कुठली ओळ बदलली, ती दुसऱ्यानं का तपासली, टेस्टरनं ती परत का पाठवली. अर्ध्या तासात होतं. बनवलेली चूकसुद्धा चालेल. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. त्या हिशेबानं 'ज्ञानेश्वर' हे नाव १० चिन्हांचं, म्हणजे ३० बाइटचं. इंग्रजी नावं डोळ्यांपुढं ठेवून कुणी २० बाइटचा रकाना केला असेल, तर त्यात 'ज्ञाने' एवढंच बसतं, १८ बाइट. उरलेल्या दोनांत 'श' चा तुकडा जातो आणि पडद्यावर काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह उमटतं. रेशनच्या यादीत, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर असली तुटकी नावं यांनी कमी पाहिली आहेत का? हे दाखवलं असतं तर हॉलभर कालवा झाला असता.

की झाला नसता? कोण जाणे.

कारण काल दुपारी परतताना ज्या शाळेत थांबलो, तिथं जे झालं, ते बघून हा अंदाजही डळमळला. देवळीच्या अलीकडची ती शाळा, अटल टिंकरिंग लॅब मिळालेली. नीती आयोगाची योजना, सहावी ते बारावीसाठी, २० लाखांपर्यंत अनुदान. बहुतेक ठिकाणी थ्रीडी प्रिंटरवर कापड झाकलेलं असतं आणि चावी मुख्याध्यापकांकडे. इथं सोल्डरिंगचा वास येत होता. आठवीच्या पोरींनी मातीची ओल मोजायचं यंत्र केलं होतं: आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड, दोन पायांचा सेन्सर, कोरडं झालं की पेटणारा लाल दिवा. हवेत धरलं की आकडा १०२३ च्या जवळ, पाण्यात बुडवलं की धपकन खाली. आमची मुलं भिंतीला टेकून उभी. शांत.

मग त्यातली एक सरळ कळंबच्या उंच्यापुढं येऊन उभी राहिली, सेन्सर त्याच्या नाकासमोर धरला. एक पाय अर्धा खाऊन गेलेला, हिरवट.

"दादा, हा एका महिन्यात सडला. काऊन?"

त्यानं हातात घेतला, उलटा केला, वायर कुठं जाते ते बघितलं. पाच व्होल्टला कायमची जोडलेली. मग खालीच बसला. ओल्या मातीत सतत एकाच दिशेनं वीज गेली की इलेक्ट्रोलिसिस होतं, एका पायाचं तांबं निघून जातं, हे त्यानं वऱ्हाडीत सांगितलं. वायर काढून ७ नंबरच्या पिनला लावली. वाचायच्या आधी पिन चालू, क्षणभर दम, वाचा, पिन बंद. "अर्ध्या घंट्यातून एकडाव वाचलं तरी होते. माती का सेकंदाले वाळते?"

तेवढ्यावर सुटका नव्हती. "हरभऱ्याच्या वावरात माती फाटली का हे कोरडं दाखवते, अन् खाली तं ओल रायते. ते काऊन?"

याला उत्तर नव्हतं त्याच्याकडे. आता मात्र बाकीचे भिंतीपासून सुटले. काळी माती वाळली की आकसते, भेग पडते. काटा नेमका भेगेत आला तर मातीला चिकटतच नाही, हवाच मोजतो. एक म्हणाला, तिरपा खुपसा. दारव्ह्याची ती म्हणाली, त्याच मातीचा पातळ काला करून काट्याभोवती ओता, म्हणजे पोकळी राहणार नाही. कुणी म्हणालं तीन काटे तीन जागी लावा, मधला आकडा धरा. कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्यात धातू मातीला उघडा लागत नाही, तो सडत नाही, असं एकानं सुचवलं. त्यावर आठवीचीच एक म्हणाली, आणला होता, वरच्या पट्टीत पाणी शिरून गेला. मग त्या पट्टीला नेलपॉलिश लावायचं ठरलं. कोणत्या रंगाचं, यावर वाद. पाचला शाळा सुटली तरी निघेनात. चालकदादांनी हॉर्न वाजवून वाजवून बाहेर काढलं.

हीच ती पोरं. फार शांत.

रागवावं की हसावं ते कळेना. सकाळी ती गप्प होती ती काही येत नाही म्हणून नव्हे, हे तर दिसलंच. तिथं त्यांना कुणी काही हातात दिलं नव्हतं, आणि इथं दिलं ते सडकं दिलं. बहुतेक एवढंच. की आठवीच्या पोरीपुढं चुकायची लाज वाटत नाही, आणि ज्यांच्याकडे उद्या नोकरी मागायची त्यांच्यापुढं वाटते? तेही असेल. मग तर गप्प बसणंच शहाणपणाचं. आपणही तिथं पहिल्या रांगेत बसून काय विचारलं होतं? 'बसपार्किंग कुठं?'

पुढच्या खेपेला शाळा आधी, कंपनी नंतर. तोंडं उघडली की मग हॉलमध्ये न्यायची. पत्रात एक मिटलेली चूक आणि ती मिटवणारा एक माणूस मागायचा, स्लाइड वीस मिनिटांत आटपायला सांगायच्या. अडचण वेळेची आहे. शाळा साडेदहाला भरते, म्हणजे कंपनीची वेळ तीनची घ्यावी लागेल, तिथून सुटायला साडेपाच, यवतमाळ गाठायला रात्रीचे साडेनऊ. तोवर दारव्हा, नेर, घाटंजीकडच्या मुलींना गाडी मिळणार कुठून? त्यांची सोय वसतिगृहात करावी लागेल. वॉर्डन मॅडमना आजच फोन केला. जागा आहे म्हणाल्या, चादरी आपापल्या आणायच्या, आणि यादी दोन दिवस आधी पाहिजे, आधारप्रमाणे.