मातृभाषेचा रकाना

पोराचा नर्सरीचा प्रवेश दोन दिवसांत झाला होता. जन्मदाखला, आधार, फोटो, फी, संपलं. लिहायचंय ते दिवाळीनंतर हातात पडलेल्या निरीक्षणपत्रकाबद्दल, आणि त्यातली एक नोंद बदलून घ्यायला गेलेल्या १९ दिवसांबद्दल.

नोंद अशी: ‘चित्रातील वस्तू ओळखत नाही. भाकरीला बाटली म्हणतो. बोलण्यात मागे. स्पीच थेरपिस्टचा रिपोर्ट आणावा, त्यानंतरच ज्युनिअर केजीचा विचार.’

तो बाटली म्हणत नव्हता, बाटी म्हणत होता. आम्ही बंजारा, घरी गोरमाटी. भाकरी म्हणजे बाटी. आम्ही दोघं दिवसभर नोकरीवर, पोराला सांभाळते माझी याडी, म्हणजे आई. वाशीमकडच्या तांड्यावरून आलीय. मराठी तिला येतं, पण नातवाला भरवताना ते तिच्या तोंडात येत नाही.

बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पण फॉर्मवर तुम्हीच मातृभाषा मराठी लिहिलीय. मराठी घरातलं साडेतीन वर्षांचं मूल असं बोलेल का?”

यावर मला बोलायला जागाच नव्हती. लिहिलं मीच होतं. हडपसरला सोसायटीत ‘गाव कुठलं?’ विचारून झालं की ‘म्हणजे तुम्ही नक्की कोण?’ येतंच. ते टाळायची सवय लागली होती, फॉर्मवरही तेच केलं.

रिपोर्टचं काम सोपं निघालं. आधी कानांची तपासणी. आवाज आला की रिंग दांडीत घालायची, हा खेळ त्याला इतका आवडला की उठेना. मग थेरपिस्ट मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “दिवसभर याच्याशी कोण बोलतं?” याडी बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावलं, चित्रं तिच्या हातात दिली. तिनं गोरमाटीत विचारलं, आणि पोरगं थांबेचना. रिपोर्टमध्ये स्पष्ट आलं की दोन्ही भाषांमधले शब्द एकत्र मोजले तर वाढ वयानुसार आहे, आणि नवी भाषा कानावर पडू लागल्यावर काही महिने मूल गप्प राहू शकतं. (सकाळची वेळ घ्या. दुपारी झोपेला आलेलं मूल कुठल्याच भाषेत बोलत नाही.)

रिपोर्ट बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, “ठीक आहे, पण फॉर्मवर मराठी आहे तोवर मला नोंद बदलता येणार नाही. ऑफिसात दुरुस्त करून आणा.”

आणि मग ते ऑफिस.

पहिल्या दिवशी खिडकीतले सर म्हणाले, फॉर्म सिस्टीममध्ये लॉक झालाय. दुसऱ्या दिवशी, लेखी अर्ज द्या. दिला. तिसऱ्या खेपेला, कसला अर्ज? माझ्याकडे पोच नव्हती. साधा कागद दिला तरी झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, हे मी आता मैत्रिणींना न विचारताच सांगते.

चौथ्यांदा अर्जात शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ घातलं. शिकवणं शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून व्हावं, असं त्यात आहे. सर म्हणाले, “तो कायदा ६ ते १४ वयाला. हा नर्सरीत आहे.” खरंच होतं ते. घरी येऊन २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण काढलं. त्यात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. पाचव्यांदा ते घेऊन गेले तेव्हा कुठे सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादीत मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी, उर्दू. गोरमाटी नाही. ‘इतर’ आहे, पण शेजारी काही लिहायला जागा नाही.

“हिंदी टाकू का? जवळचंच आहे.”

मी तिथं आवाज चढवला. मागे रांगेतल्या बायका गप्प झाल्या. रात्री शोधत बसले तर २०११च्या जनगणनेतही बंजारी आणि लमाणी-लंबाडी, म्हणजे आमच्या गोरमाटीचीच दुसरी नावं, हिंदीखालीच मोजलेली. नुसती लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून जास्त, तेही हिंदीतच. म्हणजे सरांनी वेगळं काही केलं नव्हतं. उगाच ओरडले असं वाटलं, आणि नाहीही वाटलं.

शेवटी मुख्याध्यापिकांनी सिस्टीममध्ये ‘इतर’ करवलं, आणि फाइलमधल्या छापील फॉर्मवर पेनानं ‘गोरमाटी’ लिहून सही केली. पाच मिनिटांचं काम. बाईंनी नोंद खोडून नवी लिहिली, ‘घरची भाषा वेगळी, वर्गात रुळत आहे’. मला त्यांच्याकडून माफी हवी होती, ती मिळाली नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी याडीकडून वीसेक शब्द देवनागरीत लिहून घेतले. भाकरीच्या चित्राखाली आता दोन शब्द आहेत.

आणखी एक, घरी मूल बोलत असताना मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवा. थेरपिस्ट मॅडमना आमचं फार उपयोगी पडलं.

याडी मात्र शाळेच्या गेटपाशी अजून त्याच्याशी मराठीतच बोलते, अडखळत. जूनमध्ये मीच तिला तसं सांगितलं होतं.