आखाजीच्या तोंडावर

बुधवार, रात्री

आज प्राथमिक आरोग्य केंद्रात आमच्या गटाच्या आशांची, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांची, मासिक बैठक झाली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की चोपडा तालुक्यातल्या गावांची माणसंच बदलतात. लेकी माहेरी येतात. त्यात कुणी गरोदर असते, कुणाच्या कडेवर महिन्याचं बाळ. ऊसतोडीला गेलेली पाड्यांवरची कुटुंबंही एव्हाना परतलेली असतात. सासरच्या आशाने सुरू केलेल्या नवजात बाळाच्या घरभेटी मग माहेरच्या आशाने पुढे न्यायच्या. त्या भेटींचं बिल कुणाच्या नावावर लावायचं, यावर आजही अर्धा तास गेला. शेवटी दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले आणि बाळ कुठल्या तारखेला बघायचं ते ठरवून टाकलं. आधी बाळ, मग बिल, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

मनात राहिली ती मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची नवी आशा. बैठकीत ती काही बोलली नाही. चहाच्या वेळी जवळ बसले, तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, एका घरात सासूबाई बाळाला हातच लावू देत नाहीत." प्रशिक्षण तिने नीट केलंय. भेटींचे दिवस तिला पाठ आहेत: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२वा, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची भेट आणखी. पण दारातच अडवलं तर काय करायचं, हे प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये कसं कळणार?

शेजारच्या गावची आमची जुनी आशा ऐकत होती. ती लगेच म्हणाली, "पोरले एकली नका धाडू, ताई. पह्यले मी जास तिन्हासंगे."

बैठक संपल्यावर आम्ही तिघी गेलो. जुन्या आशाने बाळाचा विषयच काढला नाही. ओट्यावर बसली, केळीच्या कापणीची मजुरी विचारली, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. त्या स्वतःच आत घेऊन गेल्या. मग तिने नवीला पुढे बसवलं आणि झोपलेल्या बाळाचे श्वास मोजायला लावले. पूर्ण एक मिनिट, नजर पोटावर. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, तरीही तेवढेच आले तर वाट न बघता दवाखाना. बाळाचे अठ्ठेचाळीस भरले. झोळीच्या काट्यावर वजन करताना नवीचा हात थरथरला, तर जुनीने खालून नुसता आपला हात धरून ठेवला. मी वहीत लिहीत होते, पण खरं प्रशिक्षण त्या घरात चाललं होतं.

घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून आलेली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं, नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते जगापुढे मांडलं गेलं. पण तिथे त्या बायकांच्या पाठीशी सतत कुणीतरी होतं. आपण पद्धत घेतली. ते पाठीशी असणं किती घेतलं?

दरवेळी वरून विचारणा होते ती रिक्त जागा किती, याची. हजार लोकसंख्येमागे एक, पाड्यांवर त्याहून कमी लोकवस्तीला एक, हा आकडा भरायलाच हवा. पण नेमलेली बाई दोन वर्षांत कापूस वेचायला परत जाणार असेल, तर ती जागा भरली असं मी म्हणणार नाही. एका बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये, आणि तेही हाती कधी पडतील याचा नेम नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आमच्या बायकांचे डोळे भरून आले होते. पण राज्याकडून महिन्याला ५,००० रुपयांची वाढ मिळवायला त्याच बायकांना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे २०२४ मध्ये निर्णय निघाला. रक्कम वाढली तितकीच तिची तारीखही पक्की हवी. किराणावाला तारीख बघतो.

आणि आज जुनीने जे केलं त्याला आमच्या बिलात रकानाच नाही. अर्धा दिवस गेला, रिक्षाभाडं तिने पदरचं दिलं. २००५ नंतरच्या पहिल्या भरतीतल्या या बायका आता पन्नाशीकडे आल्यात. कुठल्या घरात आधी आजीशी बोलायचं, कुठली सून दुखणं लपवते, हे सगळं त्यांच्याकडे आहे, आणि ते कुठल्याच नोंदवहीत नाही.

म्हणून तालुक्याच्या बैठकीत लेखी मागणी ठेवायची ठरवलंय: नव्या आशाने पहिले तीन महिने जवळच्या गावच्या जुन्या आशासोबत घरभेटी कराव्यात, आणि जुनीला त्या दिवसांचा मोबदला व प्रवासखर्च मिळावा. अर्जाचा मसुदा झाला आहे. आजच्या भेटीची नोंद सोबत जोडणार आहे. जुन्या आशाला विचारलं, सही करशील का? म्हणाली, सगळ्याच जणींच्या घेऊ.