पन्नास तासांची वही

रविवारी तिचे गाडी शिकण्याचे ५० तास भरले. नोंदवहीच्या शेवटच्या ओळीवर मी सही केली आणि मिठाच्या ढिगांजवळ गाडी लावून आम्ही डब्यातले पराठे खाल्ले.

मी मूळचा राजुऱ्याचा, सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडला डंपरची इंजिनं दुरुस्त करतो. ती १९ वर्षांची, इथल्या न्यामल या आदिवासी समाजाची, आमच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ. मला 'अंकल' म्हणते. इथले आदिवासी वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात, आपल्या 'काका'सारखं.

फोर्टेस्क्यू या लोखंडाच्या खाणींच्या कंपनीने २००६ मध्ये या गावात आदिवासींसाठी प्रशिक्षण केंद्र काढलं. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला नोकरीची हमी. ही हमी मला फार मोलाची वाटते. आमची जमीन एका प्रकल्पात गेली तेव्हा बाबांना प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला होता. तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून ते चौदा वर्षं कचेरीत खेटे घालत राहिले.

पण हमी असूनही पोरं गळतात, आणि ती पाना चालवता येत नाही म्हणून नाही. खाणीत काम करायचं तर लायसन्स हवं. पंचविशीच्या आतल्याला त्यासाठी लायसन्सवाला माणूस शेजारी बसवून ५० तास गाडी चालवावी लागते, वहीत नोंद करावी लागते. ज्या घरात गाडी नाही, कुणाकडे लायसन्स नाही, तिथल्या पोरीने हे तास आणायचे कुठून? कित्येकांकडे तर जन्माचा दाखलाच नसतो. म्हणून गेले पाच महिने माझे रविवार तिच्या शेजारच्या सीटवर गेले. दोन किलोमीटरहून लांब मालगाडी फाटकावर आडवी आली की इंजिन बंद करून आम्ही गप्पा मारायचो.

तिच्या पणजोबांची गोष्ट मी तिथेच ऐकली. १ मे १९४६ रोजी पिलबारातल्या, म्हणजे आमच्या याच भागातल्या, शेकडो आदिवासी मजुरांनी मेंढ्यांच्या मळ्यांवरचं काम सोडलं. संप तीन वर्षं चालला. पोट भरायला ते यांडीने कथलाची माती पाखडायचे. यांडी म्हणजे लाकडाचं उथळ ताट. बायका त्यात रानातलं बी पाखडत. तिने हातांनी हलवून दाखवलं आणि मला आईचं सूप आठवलं. या लोकांना खाणकाम शिकवायला कंपन्या आल्या, असं आता मी म्हणत नाही.

आधीच्या एका कंत्राटदाराकडे असाच एक मुलगा मामाच्या मर्तिकाला दोन आठवडे गेला. इथे मर्तिकाला सगळं गणगोत जमतं, विधी लवकर आटपत नाहीत. परत आला तेव्हा त्याचं नाव हजेरीतून गेलं होतं. आपल्याकडे सुतक पाळणाऱ्याला असं कुणी काढेल का? आता ती शिकायला आली तेव्हा मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं, रजेचा नियम आधी लिहून द्या. त्यांनी दिला.

आणखी एक. फोर्टेस्क्यूची सोलोमन खाण जिथे आहे, त्या जमिनीवरचा यिंजिबार्न्डी या आदिवासी लोकांचा हक्क फेडरल कोर्टाने २०१७ मध्ये मान्य केला. भरपाईसाठी त्यांना पुन्हा कोर्टातच जावं लागलं. नोकऱ्या दिल्या म्हणून जमिनीचं देणं फिटत नाही. बाबांचा मुलगा म्हणून मला हे लिहायलाच हवं.

गुरुवारी तिची ड्रायव्हिंगची परीक्षा आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.