ए-४४ने समुद्रापर्यंत, १९७२च्या एमजीबीतून

ऑक्सफर्डच्या उत्तर टोकाला ए-४४ हा रस्ता सुरू होतो आणि सुमारे दीडशे मैलांवर, वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅबरिस्टविथला संपतो. मे महिन्यातल्या एका शनिवारी मी आणि बायको आमच्या १९७२च्या एमजीबी या छप्पर उघडणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स गाडीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. निघण्याआधी काय तयारी केली, असं मित्रांनी विचारलं. तेल पाहिलं, पाणी पाहिलं, चाकांतली हवा पाहिली, डबा भरून घेतला. एवढंच. ही गाडी आदल्या दिवशीही मला कामावर घेऊन गेली होती, त्यामुळे तिचा प्रत्येक आवाज ओळखीचा होता.

भारतात आता एमजी म्हटलं की हेक्टर डोळ्यासमोर येते. मूळ एमजी मात्र इथली, ऑक्सफर्डची. विल्यम मॉरिस यांच्या ‘मॉरिस गॅरेजेस’मध्ये सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर चपळ बॉडी चढवायला सुरुवात केली, त्यातून हे नाव जन्मलं. १९२९मध्ये कारखाना जवळच्या अ‍ॅबिंग्डनला गेला आणि १९८०मध्ये बंद पडला. एमजीबी तिथेच १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनली. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, मागे स्प्रिंग म्हणून बैलगाडीच्या काळापासून चालत आलेले पाटे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: ही गाडी राजेमहाराजांसाठी नव्हती. शिक्षक, कारकून, नव्याने कमावायला लागलेली तरुण मंडळी ती घेत आणि रोज फिरवत. जी गाडी रोजच्या रस्त्यासाठी बनली, तिला चादर पांघरून ठेवण्यात मला तिचा मान दिसत नाही.

सकाळी किल्ली फिरवली की आधी मागून टिकटिक ऐकू येते. तो विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की टिकटिक मंदावते, मग चोक ओढून स्टार्टर मारायचा. वुडस्टॉक मागे पडेपर्यंत चोक पूर्ण आत गेला होता आणि चिपिंग नॉर्टनच्या चढावर तेलाचा दाब जिथे असायला हवा तिथे स्थिरावला होता. चौथ्या गियरमध्ये ओव्हरड्राइव्हचं बटण दाबलं की इंजिनाचे फेरे उतरतात आणि गाडी मोकळा श्वास घेते. छप्पर उघडं होतं. कापलेल्या गवताचा वास, मेंढ्यांचा वास, बेकरीतला पावाचा वास, सगळं थेट आत येत होतं.

ब्रॉडवेच्या टेकडीवर थांबलो. इथून खाली एव्हशॅमचं खोरं पसरलेलं दिसतं आणि पलीकडे मॅल्व्हर्नच्या डोंगरांची रांग. डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खात असताना एक वयस्क गृहस्थ गाडी बघायला आले. त्यांच्याकडेही एमजीबी, याहून जुनी आणि याहून देखणी. पण ती वर्षातून दोन-चारदाच बाहेर निघते. दर वसंत ऋतूत ब्रेक चिकटलेले असतात, क्लच बसलेला असतो, म्हणाले. त्यांना काळजी होती की चालवून गाडी झिजेल.

झिजते, हे खरंच. पण उभ्या गाडीचं जे होतं ते झिजण्याहून वाईट असतं. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं आणि न हललेले पिस्टन गंजून जागीच अडकतात. रबराची सीलं सुकतात. वाट्यांतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. ‘दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो’ असं सांगणारे भेटतात, तेव्हा मला राहवत नाही. थंड इंजिन पाच मिनिटं चालवलं की पाण्याची वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठते. ती उडून जायला तेल नीट तापावं लागतं, म्हणजे निदान अर्धा तास रस्त्यावर जावं लागतं. त्यात आता इथेनॉल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये ते १० टक्क्यांपर्यंत असतं, भारतात तर २० टक्क्यांवर गेलंय. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं. मी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या आणि कमी इथेनॉलचं महाग सुपर पेट्रोल भरतो. पण तेही टाकीत महिनोन्‌महिने ठेवायची गोष्ट नाही. सांगलीत, कोल्हापुरात कुणाच्या अंगणात आजोबांची फियाट उभी असेल, तर तिलाही हेच लागू आहे.

एक गोष्ट मात्र मी त्या गृहस्थांकडून मान्य केली. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि एमजीबीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, हाच तिचा कणा. तो गंजला की गाडी खचते. म्हणून मिठाच्या दिवसांत मी तिला बाहेर काढत नाही. जोरदार पावसाने रस्ते धुतले की काढतो, आणि घरी आल्यावर खालून धुतो.

वूस्टर ओलांडताना गर्दीत पाण्याचा काटा वर सरकायला लागला. पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे गाडी थांबली की वारा कमी. हीटर पूर्ण सोडला, बायकोने पाय वर घेतले, काटा खाली आला. पुढे ब्रॉमयार्डचा चढ, मग पेम्ब्रिजची काळ्या तुळयांची पांढरी घरं, आणि किंग्टननंतर वेल्स.

सगळ्यात सुंदर रस्ता इथून पुढचा. रायडर गावापासून लँगरिगपर्यंत वाय नदी सोबत असते. मग तिच्या उगमाच्या दिशेने, पम्लमॉन डोंगराच्या अंगाने चढ लागतो. वळणं लांब आणि समोरचं दिसेल अशी, आंबा घाटासारखी गळ्याशी येणारी नव्हेत. तिसऱ्या गियरमध्ये गाडी अशी काही गाते की बोलणं आपोआप थांबतं. ९५ अश्वशक्ती, वजन जेमतेम टनभर. ताशी साठ मैलांच्या मर्यादेतही पोटभर आनंद मिळतो. आजच्या गाडीत हाच रस्ता मी केलाय आणि तो मला आठवतही नाही.

रायडरच्या पंपावर एका शेतकऱ्याने विचारलं होतं, “कुठल्या प्रदर्शनाला निघालात?” “समुद्र बघायला,” बायको म्हणाली. त्याला ते इतकं आवडलं की काच पुसून दिली.

संध्याकाळी अ‍ॅबरिस्टविथला पोचलो, किनाऱ्यावर चाललो, लवकर झोपलो. परत येताना ए-४४ न धरता डेव्हिल्स ब्रिजवरून एलन खोऱ्याचा डोंगरी रस्ता घेतला. बर्मिंगहॅमला पाणी पुरवणारी, व्हिक्टोरियन काळात बांधायला घेतलेली दगडी धरणं तिथे आहेत. तुम्ही जाणार असाल तर या रस्त्याला लागण्याआधीच टाकी भरून घ्या, कारण पुढे डोंगरात पंप मिळणं कठीण. मेंढ्या रस्त्यातच बसतात, दिवसाउजेडी जा. आणि क्रेग गॉख धरणाच्या भिंतीवरून रस्ता पलीकडे जातो, तिथे थोडा वेळ हातात ठेवा.